पहिल्या रांगेतली खुर्ची

"समोरच तर बसला होतात, बुवा. मग मला थांबवलं का नाही?"

नथानिएलनं विचारलं, तशी एलियाबुवांची नजर खुंटीवरच्या टाळांकडे गेली...

नथानिएल गावोगावच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कीर्तनं करायचा. गळा असा गोड, की माणसं हातचं काम टाकून यायची. शिकवलं सगळं बुवांनी. ते त्याच्या मागे टाळ धरून उभे राहत. बोलताना शिष्याची जीभ घसरली, की टाळ थांबायचे आणि त्यानं सावरून घ्यायचं, असं दोघांचं ठरलेलं.

पुढे नाव झालं. मग टाळ थांबले, की याच्या कपाळावर आठी पडू लागली. शेवटी पठ्ठ्यानं नामी युक्ती काढली. बुवांना हार घातला आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं! गुरूचा केवढा मान ठेवतो, म्हणून लोक हरखले.

गेल्या महिन्यातल्या कीर्तनाचा विषय होता, शहाणा माणूस बोध कसा मानतो. शास्त्रातले दाखले झाले, टाळ्या पडल्या आणि गडी रंगात बोलून गेला, की बोध झिडकारल्यावर काय होतं ते आपल्या एस्तेरबाईंच्या लेकाला विचारा. आई नको म्हणत असताना तो पोरगा धरणात पोहायला गेला होता आणि बुडाला होता.

एस्तेरबाई पदर तोंडाशी धरून उठून गेल्या. त्यानंतर त्या चर्चला आल्या नाहीत.

"उठायला हवं होतं मी," अखेर बुवा म्हणाले. "हार मलाही आवडला होता रे..."

नथानिएलला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंची माफी मागायची आहे, काय बोलू ते सांगा, म्हणून त्यानं बुवांचे पाय धरले.

बुवांनी खुंटीवरचे टाळ काढले आणि हलकेच वाजवू लागले. "मीच एस्तेर समज. बोल."

"बाई, माझ्या मनात तसं काही नव्हतं..."

टाळ थांबले.

"बोलण्याच्या भरात तोंडून निघून..."

बुवांनी टाळ मांडीवर ठेवले.

नथानिएलचे कान तापले. सवयीनं उलट बोलायला त्यानं तोंड उघडलंही. तो पोरगा रविवारी पुढ्यात बसून गायचा, ते त्याला आठवलं. हुंदका आला, तो आवरेना.

बुवांनी टाळ उचलले आणि पुन्हा ताल धरला.

"असाच जा," ते म्हणाले. "आणि ती शिव्या देऊ लागली, तर मध्ये बोलू नकोस."