कोंडाक्काची वाकळ

ऐका मंडळी. ही गोष्ट बोरदऱ्याची आहे. पण बोरदऱ्याची माणसं ती सांगू लागली की मध्येच घुटमळतात आणि मान खाली घालतात, म्हणून ती माझ्यासारख्या परक्यानं सांगितलेली बरी.

फार वर्षांपूर्वी, त्या डोंगरात अजून धड वाटही पडली नव्हती तेव्हा, एका दुष्काळात एक जोडपं चालत चालत बोरदऱ्याच्या ओढ्याशी येऊन थांबलं. नवऱ्याचं नाव सखोबा, बायकोचं कोंडाबाई, आणि तिच्या पाठीला बांधलेली तान्ही लेक सुंदरा. कुठून आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि गावानंही विचारलं नाही. गावात जागा मिळेना, तेव्हा ते विसाव्यासमोर, ओढ्याच्या पल्याड राहिले. मसणवटीच्या वाटेवर तिरडी घटकाभर जिथं टेकवतात, तो ओढ्याच्या गावाकडच्या काठावरचा विसाव्याचा धोंडा. तिथं खांदेकरी खांदा बदलायचे, आणि गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण-पांघरूण तिथंच टाकून पुढे जायचे. परतताना तिकडे वळून बघायचं नाही, ही बोरदऱ्याची रीत. मेलेल्याचं वस्त्र पुन्हा घरात आलं तर त्याच्या मागोमाग तोही येतो, असं म्हणतात.

कोंडाबाईला ही रीत कुणी सांगितली नव्हती. पोर थंडीनं काकडत होती आणि धोंड्यापाशी एक चांगलं धड लुगडं पडलेलं होतं. तिनं ते उचललं. राखेच्या पाण्यात उकळलं, रिठ्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, आणि पोरीला त्याची कुंची शिवली. उरलेल्याची वाकळ शिवायला घेतली. नवऱ्याला म्हणाली, "एवढं चांगलं कापड कुजवायचं व्हय वो? पाप न्हाई का लागायचं?"

झालं. त्या दिवसापासून गावानं त्या घराची धास्ती घेतली.

घर म्हणजे तरी काय! दाराची एक फळी पाटलांच्या पडक्या गोठ्याची, दुसरी कुणाच्या मोडलेल्या बैलगाडीची. खिडकी पुरात वाहून आलेली. तिच्या चौकटीवर पोपट कोरलेला होता, त्याची चोच तेवढी गेलेली. कौलं म्हणाल तर गावात फुटतील तशी सखोबा वेचून आणायचा, त्यामुळे छपराचे दोन हात सारख्या रंगाचे नव्हते. चूल अर्ध्या रांजणाची. सखोबा मोठा गमत्या माणूस. ओढ्यावरून हाक मारून सांगायचा, "गाव आमच्याकडं यीत न्हाई तर न्हाई. गावाचं घर कवाच आमच्याकडं आलंय!" ऐकणारे हसायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. दारापर्यंत कुणी यायचं नाही.

पण माणूस आजारी पडला की त्याला रीत आठवत नाही. एकदा पाटलांच्या पोराला डांग्या खोकला झाला. पोर निळं पडायला लागलं, तेव्हा पाटलीणबाई विसाव्याच्या धोंड्यापाशी येऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली. कोंडाबाईनं अडुळशाचा रस आणि मध घालून काहीतरी चाटण केलं, करवंटीत घालून धोंड्यावर ठेवलं आणि लांब सरकली. पोर वाचलं. मग काय, सगळं गाव त्या धोंड्याशी यायला लागलं. तापाला गुळवेलीचा काढा, मुरगळलेल्या पायाला निर्गुडीचा पाला, पोट फुगलेल्या तान्ह्याला उगाळलेलं वेखंड. कोंडाबाईची कोंडाक्का झाली. मोबदला ती मागायची नाही. घरात काही मोडकं-तोडकं असेल तर ठेवून जा म्हणायची. लोक औषध उचलायचे, फुटका पेला नाहीतर कान तुटलेली परडी ठेवायचे, आणि पाठ फिरवायचे. फुटक्या भांड्याला ती लाखेनं सांधायची. तिच्या हातची सांधलेली भांडी नव्यापेक्षा जास्त टिकायची, असं म्हणतात.

आणि दर खेपेला ती एकच म्हणायची, "या की घरला. घटकाभर बसा. पाणी तरी घ्या."

आणि दर खेपेला गाव एकच म्हणायचं, "सवड झाली की यितो, आक्का."

सवड! पेरणीला सवड, जत्रेला सवड, बांधावरून भांडायला सवड. ओढा ओलांडायला तेवढी सवड नव्हती. मला तर त्या गावाचा भारी राग येतो. पण मग मनात येतं, आपण तरी कितीदा असंच म्हणतो, नाही का?

सुंदरा एकटीच वाढली. ओढ्याच्या पल्याड पोरी फुगडी घालायच्या, ही अल्याडून बघायची आणि एकटीच गिरकी घ्यायची. एकदा तिनं आईला विचारलं, "आय, आपल्याकडं कुनीच का गं येत न्हाई?"

"येतील की. कामाची मानसं ती, सवड नसती त्यास्नी," कोंडाक्का म्हणाली. तिला स्वतःला ते खरं वाटत होतं की नाही, देव जाणे.

पुढे सखोबा वारला. गावातून चार खांदेकरी आले, तेवढी माणुसकी होती. रीतीप्रमाणे त्याचं धोतर आणि कांबळं विसाव्यावर ठेवलं. कोंडाक्कानंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते तिथंच. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं की विसाव्यावरचं उचलणारी तीच होती, तिच्या माणसाचं उचलायला दुसरं कोण येणार? ती धोंड्यापाशी बसून खूप रडली. मग आपल्याच नवऱ्याचं धोतर आपणच उचलून तिनं धुतलं आणि वाकळेला लावलं.

सुंदराला घाट उतरून आलेल्या एका फेरीवाल्यानं मागणी घातली. भला मुलगा होता, जुने कपडे घेऊन भांडी द्यायचा. जाताना सुंदरा आईच्या गळ्यात पडली. "आय, चल माझ्यासंगं. हितं तुझं कोन हाय?"

"आनि काढ्याला कोन आलं तर? धोंड्यावरनं तसंच माघारी जाईल की गं." ती गेली नाही. सुंदराची बाळपणाची कुंची तेवढी ठेवून घेतली. पोर घाटाखाली गेली. कुणी म्हणतं फार लांब गेली, कुणी म्हणतं बाळंतपणात गेली. परत काही आली नाही.

मग कोंडाक्का आणि वाकळ, दोघीच उरल्या. गावात कुणी गेलं की वाकळेला एक तुकडा वाढायचा. शिवता शिवता ती त्या तुकड्यांशी बोलायची. ही हैबतीची आई, हिला दम लागायचा. हे पाटलीणबाईच्या सासूबाईंचं इरकली, मोठी मानी बाई. जिवंतपणी जी माणसं तिच्या दारात आली नाहीत, ती सगळी अशी तिच्या मांडीवर येऊन बसली होती. टाका घालून झाला की ती त्यांनाही म्हणायची, "आला न्हवं, बसा आता."

आणि एका हिवाळ्यात ताप आला.

तो ताप कसला होता ते आता कुणाला सांगता येत नाही. माणसं उभ्या जागी थरथरायची आणि पडायची. घरात पाणी द्यायला माणूस उरेना, तेव्हा जे चालू शकत होते त्यांनी बाकीच्यांना भैरोबाच्या देवळात आणून निजवलं आणि तेही तिथंच आडवे झाले. इकडे कोंडाक्कानं मोठ्या मडक्यात काढा करून धोंड्यावर ठेवला. उन्हं कलली, न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात चुलींचा धूरही दिसेना.

कोंडाक्का ओढ्याच्या काठावर उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता जायचं नाही, एवढाच एक मान तिनं जपला होता. तो तिनं तिथं काठावर ठेवला. मडकं डोक्यावर घेतलं, वाकळ खांद्यावर टाकली, ओढा ओलांडला, आणि धोंडा मागे टाकून गावात शिरली.

देवळात माणसं नुसती कण्हत होती. हुडहुडी थांबेना. तिनं एका कडेनं वाकळ पांघरायला सुरुवात केली, आणि वाकळ पुरत गेली. ओढावी तशी वाढली, म्हाताऱ्यांवर आली, पोरांवर आली, बाळंतिणीवर आली, पार गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचली, असं म्हणतात. काही शहाणे म्हणतात की ती मुळातच तेवढी मोठी होती. असेलही. त्या गावात माणसं काय कमी मेली होती!

आणि मग नवल झालं. ज्याच्या त्याच्या अंगावर त्याच्याच गेलेल्या माणसाचा तुकडा आला. हैबती म्हणजे आडदांड गडी, धोंड्यावरचं औषध उचलून सगळ्यांत आधी पळणारा. त्यानं तापात डोळे अर्धे उघडले, वाकळ नाकाशी धरली आणि लहान पोरासारखा म्हणाला, "आये... आलीस?"

कोंडाक्काच्या हातातला पेला तसाच राहिला. एवढ्या वर्षांत "आलीस का" असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग ती खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आले रं बाबा. ह्यो काढा घे."

तिकडून कुणी हाक मारली, "आत्या, आलीस?" ती म्हणाली, "आले." कुणी मेलेल्या बहिणीला हाक मारली, कुणी आजीला. ती प्रत्येकाला म्हणाली, आले. पाटलीणबाई घाबरून म्हणाली, "सासूबाई, तुमी आला?" कोंडाक्का म्हणाली, "आले, बये. आता रागं भरनार न्हाई, घे." ज्यानं ज्याला हाक मारली, त्याची ती झाली. सगळ्या गावाची मेलेली माणसं त्या एका बाईच्या आवाजात बोलली.

ताप उतरला. माणसं शुद्धीवर येण्याआधीच कोंडाक्का वाकळ तिथंच ठेवून ओढ्यापल्याड निघून गेली होती. घामानं माणसं न्हाऊन निघाली, आणि उठून बसून एकमेकांना सांगायला लागली, "माझी आई आली होती." "आमची आजी आली होती, तिनंच काढा पाजला." ज्यानं त्यानं आपापल्या मेलेल्या माणसाला नैवेद्य दाखवला. हैबतीनं आईच्या नावानं नारळ फोडला. ओढ्याकडे मात्र कुणी बघितलं नाही. कुणाला काही आठवतच नव्हतं.

आता ती वाकळ. आजाराचं पांघरूण, कुठून आलं कोण जाणे! ते कुणी ठेवून घेणार नव्हतं. गड्यांनी काठीनं उचलून ते विसाव्यावर टाकलं आणि रीतीप्रमाणे वळून न बघता परतले. नेईल कोंडाक्का, असं म्हणाले.

पण वाकळ कुणी नेली नाही. ऊन चढलं, उतरलं, दुसरं ऊन आलं, वाकळ तिथंच. नातवाला खोकला लागला म्हणून पाटलीणबाई धोंड्याशी गेली आणि वाकळ बघून थबकली. तिचं लक्ष एका इरकली काठावर गेलं. तो काठ तिनं स्वतःच्या हातानं सासूला नेसवला होता. शेजारी हैबतीच्या आईच्या चोळीचा खण होता. त्याच्या पलीकडे आणखी कुणाचं, आणि त्याच्या पलीकडे आणखी कुणाचं. सगळं गाव तिथं टाक्याटाक्यानं जोडलेलं पडलं होतं. आणि मग तिला तो आवाज आठवला. तिच्या सासूनं जन्मात तिला "बये" म्हटलं नव्हतं.

ती किंचाळत गावात गेली. सगळं गाव निघालं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा अख्ख्या बोरदऱ्यानं ओढा ओलांडला.

दार उघडंच होतं. आत चिंध्यांच्या बसकरांची एक रांग घातलेली. प्रत्येक बसकरापुढे पाण्याचं भांडं. कुणाचा लाखेनं सांधलेला पेला, कुणाची बूड बसवलेली लोटी, कुणाचा टवका उडालेला गडवा. धोंड्यावर टाकून दिलेली आपापली भांडी ज्यानं त्यानं ओळखली. पाणी त्याच दिवशी भरल्यासारखं ताजं होतं, असं म्हणतात. कोंडाक्का खांबाला टेकून दाराकडे तोंड करून बसली होती. अंगावर पांघरायला काही नव्हतं. हातात तेवढी ती लहानशी कुंची होती. अंग केव्हाच गार पडलं होतं.

हैबती पहिल्या बसकरावर मटकन बसला. म्हणाला, "आक्का, आलो गं." आणि पाणी पिता पिता मोठमोठ्यानं रडायला लागला.

तिला न्यायला अख्खं गाव गेलं. विसाव्यावर टाकायला तिच्या अंगावरच्या विरलेल्या लुगड्याखेरीज काही नव्हतं. ते ठेवलं, आणि सगळे रीतीप्रमाणे पुढे चालू लागले. पाटलीणबाई मात्र थांबली. वळली. तिनं ते लुगडं उचललं, छातीशी धरलं, आणि घरी नेऊन वाकळेच्या मधोमध शिवलं.

ती वाकळ भैरोबाच्या देवळात आहे. बोरदऱ्यात आता कुणाचं वस्त्र विसाव्यावर टाकत नाहीत, त्याचा तुकडा वाकळेला लावतात. कुणी तापात बडबडायला लागलं आणि त्यानं गेलेल्या माणसाला हाक मारली, तर जवळ जो असेल तो "आले" म्हणतो, मग तो गडी असो की पोर. तुझं माणूस आता नाही, असं त्या गावात कुणी सांगत नाही.

आणि हिवाळा सरला की घरटी एक जण ओढा ओलांडतो. घर कधीच पडलंय, जोतं तेवढं आहे. तिथं आपल्या हातानं सांधलेलं एक भांडं ठेवायचं, त्यातलं घोटभर पाणी प्यायचं, आणि म्हणायचं, "आक्का, सवड झाली. आलो."

जोत्यावर उत्तर द्यायला कुणी नाही. तरी माणसं घटकाभर बसून राहतात.