दुकान वाढवलं

ही फार फार जुनी गोष्ट. राजाला आपल्या मुलखाची खबर फक्त कारभाऱ्याच्या तोंडून कळायची, तेव्हाची.

त्या मुलखात पेठेचं एक गाव होतं. पिंपळापासून वेशीपर्यंत एकच रस्ता आणि दोन्ही अंगांना दुकानं. तेली, कुंभार, कासार, वाणी, शिंपी. तिथे एक रीत होती, ती तुमच्याआमच्याकडेही आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना कुणी 'बंद केलं' म्हणत नसे. तो शब्द अशुभ. 'दुकान वाढवलं' म्हणायचं. फुटलेली बांगडी जशी 'वाढवली', तसंच. दाराला कायमचं कुलूप लागलं तरी शब्द तोच.

या पेठेत भिवरा नावाच्या तेलिणीचा घाणा होता. शेतकरी तिला करडई देत. पेंड त्यांच्याच गुरांकडे परत जाई. घाणा सुतार दुरुस्त करी, तेलाची मडकी शेजारचा कुंभार देई. गिऱ्हाइकाचं माप भरलं की भिवरा वरून आणखी एक धार सोडायची. म्हणायची, "ही तुझ्या दिव्याची."

एके दिवशी दूरदेशचा एक कोठीवाला आला. त्यानं वेशीबाहेर माळावर अशी कोठी बांधली, की सगळी पेठ तिच्या एका कोपऱ्यात मावावी. तेल, मीठ, कापड, गूळ, सगळं एका छपराखाली आणि निम्म्या भावात. गाव लोटलं.

कुंभारीण हातात भरलेली बुधली घेऊन भिवराच्या दारावरून चालली होती. लाजण्याऐवजी ती हसली.

"भिवराकाकू, रागावू नका हं. तिथं निम्म्या भावात मिळतं. तुमचं तेल काय सोन्याच्या करडईचं आहे?"

"मी कशाला रागावू? हसून घे बाई," भिवरा म्हणाली. "त्यांनी अजून मडकी ठेवली नाहीत विकायला."

पुढच्याच महिन्यात कोठीत मडकी आली. मग बांगड्या आल्या. मग शिवलेले अंगरखे आले. पूर्वी तेलाचा पैसा सुताराकडे जायचा, सुताराचा कुंभाराकडे, कुंभाराचा पुन्हा घाण्यावर. आता तो कोठीत शिरे आणि गाड्यांत बसून मुलखाबाहेर जाई.

एवढ्यानंही कोठीवाल्याचं पोट भरलं नाही. त्यानं राजाकडे पेठेची जागाच मागितली. राजा कारभाऱ्याला म्हणाला, "आधी पेठेची स्थिती बघून ये."

कारभारी पेठेत आला. कोठीवाल्याकडचे बदाम तोंडात चघळतच आला.

"काय रे कुंभारा, दुकानाचं काय?"

"वाढवलं, धनी."

"कासारा, तुझं?"

"आम्हीही वाढवलं."

भिवरा घाण्याच्या दगडाला टेकून उभी होती. "काल वाढवलं," ती म्हणाली. "पण महाराजांना एवढं सांगा, आमची जागा देऊ नका. जागा राहिली तर उद्या घाणा पुन्हा फिरेल. जागा गेली तर आम्ही उभं तरी कुठं राहायचं?"

"सांगतो की," कारभारी म्हणाला.

दरबारात त्यानं सांगितलं ते असं: "महाराज, मी दारोदार विचारलं. पेठेतल्या झाडून सगळ्यांनी दुकान वाढवलंय."

"वा!" राजा खूश झाला. "म्हणजे कोठीनं पेठेचीही भरभराट केली!"

राजानं जन्मात कधी बाजारात मीठ विकत घेतलं नव्हतं. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता. पण कारभाऱ्याला ठाऊक होता! तो याच पेठेतल्या शिंप्याचा मुलगा. बापाला रोज संध्याकाळी दुकान वाढवताना त्यानं पाहिलं होतं. तो एक अक्षरही खोटं बोलला नाही, आणि हाच त्याचा नीचपणा. अशुभ झाकायला लोकांनी जपलेला शब्द त्यानं लोकांच्याच तोंडून घेतला आणि त्यांच्यावर कफनासारखा पांघरला.

राजानं पेठ कोठीवाल्याला दिली. दुकानं पाडली. घाण्याचा दगड कोठीच्या दाराशी पायरी म्हणून बसवला.

पेठ गेली तसे कोठीतले भाव चढले. कुणी बाईनं सवयीनं विचारलं, "दिव्याची धार?" कोठीतला नोकर म्हणाला, "धार वेगळी विकत घ्या." पण घेणार कशानं? ज्यांची दुकानं गेली, तेच तर गिऱ्हाईक होते. गावात पैसा उरला नाही, तशी कोठीवाल्यानं दुसऱ्या राज्यात जागा बघितली आणि तो निरोप घ्यायला दरबारात आला.

"महाराज, आम्हीही दुकान वाढवलं."

"वा! आणखी किती मोठं केलंत?"

कोठीवाला खो खो हसला. "मोठं? अहो, बंद केलं! तुमच्याच मुलखातला शब्द, आम्ही इथंच शिकलो."

राजानं कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी म्हणाला, "मी लोकांचाच शब्द सांगितला, महाराज."

राजानं त्याची पगडी तिथंच उतरवली आणि तो स्वतः गावात आला. दिवेलागणीची वेळ होती. एकाही घरात दिवा नव्हता. कुलूप लावलेल्या कोठीच्या दाराशी, आपल्याच घाण्याच्या दगडावर, भिवरा बसली होती.

"बाई, तुझी जागा परत घे," राजा म्हणाला. "घाणा सुरू कर."

"बैल विकला, महाराज. सुतार परमुलखात गेला. घेणारं कुणी नाही म्हणून शेतकऱ्यांनी करडई पेरणं सोडलं. आम्हाला मोडायला एक कोठी पुरली, उभं राहायला सगळी पेठ लागते." भिवरा उठली. "एक विचारू? पेठेतल्या सगळ्यांनी एकदमच दुकान वाढवलं असं ऐकलंत, तेव्हा ती भरभराट बघायला एकदा तरी यावंसं नाही वाटलं?"

राजा माघारी वळला. अंधारात त्याला परतीची वाट दाखवायला गावात कुणाकडे पणतीपुरतंही तेल नव्हतं.

तात्पर्य : भरभराटीची खबर कारभाऱ्याला विचारू नये, ज्याच्या दाराला कुलूप लागलं, त्याच्या दारात जाऊन ती बघावी.