आठ आला की विझणारा फलक

"इथं तर पुरे पाच व्होल्ट आहेत, चाचा. मग फलक विझतो कसा?"

तेजपाल मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनचाचा मुजावर आरामात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

चाचांचं गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शाळेत असताना तेजपाल तिथंच सोल्डर करायला शिकला. पुढं इंजिनिअर झाला, पुण्याला गेला. यंदा जत्रेतल्या कुस्ती मैदानासाठी त्यानं गुणफलक स्वतः बनवून आणला होता. कमरेएवढे उंच लाल आकडे, प्रत्येक आकडा दिव्यांच्या सात पट्ट्यांचा. फलक आखाड्याच्या पलीकडे, आणि त्याला वीज पुरवणारी रेग्युलेटरची पेटी अलीकडे, कमिटीच्या टेबलाखाली.

चारला पहिली कुस्ती होती. दोन वाजून गेले होते.

फलकावर एक आला की झगझगीत दिसायचा. आठ आला की सगळाच विझायचा.

"आठ गुण झाले की पैलवानानं घरी जायचं काय रं?" कमिटीचे शिवगोंडा अण्णा म्हणाले. मैदानात हशा पिकला. तेजपालचे कान लाल झाले.

"एकाला किती पट्ट्या पेटतात?" चाचांनी विचारलं.

"दोन."

"आठाला?"

"सातही. करंट वाढतो, मला ठाऊक आहे. म्हणून तर वीस अँपियरचा रेग्युलेटर केलाय. हे बघा..."

त्यानं बटण दाबलं. पलीकडे आकडे मंदावले, लुकलुकले. पेटीला लावलेल्या मीटरनं मात्र पाच व्होल्ट दाखवले.

"पाच! हे खोटं बोलत नाही, चाचा."

"नाही बोलत. खरंच बोलतं..."

चाचा उठले. मीटर उचललं आणि आखाड्याला वळसा घालून फलकापाशी गेले.

"दाब!"

तेजपालनं दाबलं.

"किती आहेत, चाचा?"

चाचा काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही!"

"मग इकडं ये की!"

तेजपालनं बटण अण्णांच्या हाती दिलं आणि धावला. मीटरवर तीन पूर्णांक नऊ होते.

"एक व्होल्ट..." तो म्हणाला. "वाटेतच गेला."

दोघं परत आले. चाचांनी पेटी उघडली. आतल्या सर्किटच्या प्लेटवर करंट वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बारीक, सरळ रेघा होत्या. एकही वाकडी नव्हती.

"हात लाव."

तेजपालनं बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं.

"एवढा करंट, आणि वाट एवढीशी?"

"प्लेट सुबक दिसावी म्हणून..."

"दिसते की. फार छान दिसते."

असं म्हणत चाचांनी वीज बंद केली, त्या रेघांवर जाडजूड उघडी तांब्याची तार आडवी घातली आणि वरून सोल्डरची ढेकळं ओतली. तेजपालनं डोळे मिटून घेतले.

मग आधीच्या बारीक वायरीच्या जागी मांडववाल्याची वेल्डिंगची जाड केबल मागून आणली. पेटीपासून फलकापर्यंत जाण्याला एक, येण्याला एक.

आणखी एक बारीक तार होती. बाहेर किती व्होल्ट चाललेत ते रेग्युलेटर तिच्यावरून बघतो आणि तेवढं कमीजास्त करतो. तेजपालनं ती रेग्युलेटरच्याच पायाला जोडली होती. बोटभर लांब.

चाचांनी ती कापली. तिच्या जागी दोन बारीक तारा एकमेकींत पिळून थेट फलकाच्या टोकांना नेल्या.

तेजपालला राहवेना. "केबल मनगटाएवढी, आणि या केसासारख्या?"

"यांनी ओझं न्यायचं नाही. नुसतं ऐकून यायचं."

पावणेचारला हलगी कडाडली. अण्णांनीच हौसेनं बटण दाबलं.

आठ. आठ. आठ. एकही आकडा हलला नाही. भर उन्हात लाल दिसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, अण्णांनी फेटा उडवला आणि तेजपालनं चाचांना मिठीच मारली.

मग सवयीनं तो पेटीकडे वळला, मीटर लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चाचा... इथं पाच राहिले नाहीत. पाच पूर्णांक चार आलेत. तिकडं बरोबर आणि इथं चूक?"

चाचांनी मीटर बंद करून त्याच्या खिशात सरकवलं. त्याचे खांदे धरून त्याला आखाड्याकडे फिरवलं. पहिली जोडी अंगाला माती लावत होती.

"असू दे. वाटेत जातं तेवढं इथून जादा देतोय. देणाऱ्यापाशी पाच असून कुणाचं भागलं?"