कातळातल्या उखळाचं घर

मोहोळवाडीत घरांना माणसांची नावं नाहीत. जुन्या वस्त्यांचे नकाशे करणारे लोक घराघराचं नाव विचारत येतात, तेव्हा इथली म्हातारी माणसं त्यांना आधी पहिल्या घरापाशी नेतात. दारात कातळात कोरलेलं उखळ आहे. त्याच्याशेजारी बसवून ती ही गोष्ट सांगतात.

फार मागं इथले पुरुष समोरच्या कड्यावरून दोर सोडून मध काढायचे. दोरावर गेलेल्याचं नाव वस्तीत कुणीच घ्यायचं नाही, असा नेम होता. नाव घेतलं की तो वळून बघतो आणि त्याचा पाय सुटतो, म्हणे.

अशाच एका दुपारी राजाचा मोजणीदार आला. वस्तीत नुसत्या बायका आणि पोरं. पहिलं घर येसूचं. तिच्या कडेवर तान्हं लेकरू.

"घर कुणाचं?"

येसूनं कड्याकडे बघितलं.

"बाई, घराला नाव असलं तर घर लिहीन. नाहीतर इथं रान लिहीन. राजाच्या शिकारीसाठी रान मोकळं करायचंय."

"सांजेला माणसं येतील. तोवर टेका, दादा. भाकरी टाकते."

"सांजेच्या आत मला घाट उतरायचाय. भाकरीनं नकाशा भरत नाही."

शेजारच्या दारातून गोदा म्हणाली, "येसे, तोंड उघडशील तर बघ. तुझ्या नवऱ्याच्याच दोराला माझाही लटकलाय."

"आणि घर गेलं तर ह्याला घेऊन कुठं जाऊ? तुझ्या पदरात?"

मोजणीदारानं बोरू शाईत बुडवला. येसूच्या जिभेवर नवऱ्याचं नाव आलं. ओठही हलले, असं सांगतात. तेवढ्यात लेकरू किंचाळलं. त्याला मांडीवर घ्यायला ती खाली बसली आणि हात उखळावर पडला. जे दोरावर चढत नाही, त्याचं नाव घ्यायला कसली भीती?

"लिहा. उखळाचं घर."

तो हसला. "उद्या उखळ उचलून नेलंत, मग?"

"तुम्हीच उचलून बघा."

त्यानं आधी पाय लावला, मग वाकून दोन्ही हात. कातळ कसला हलतोय. घाम पुसत त्यानं नाव लिहिलं. तशी गोदा पुढं झाली, "माझं खडकाच्या पायरीचं." मग एकेका दारातून नावं येत गेली. झऱ्याचं घर, भेगेचं घर.

मोजणीदार गेला. पण येसूचे ओठ हलले होते. कड्यावरची नजर काढायचा तिला धीर होईना. माणसं उतरू लागली. तिचा नवरा सगळ्यात शेवटी आला.

"दुपारी कुणी हाक मारतंय असं वाटलं," तो म्हणाला.

"मग?"

"पुढं नाव काही आलं नाही. म्हणून वळलो नाही."

येसूनं मधाची पहिली धार उखळात सोडली.

आजही मोहोळवाडीत नवी सून आली की घराच्या खुणेवर हात ठेवून ती घराचं नाव सांगते. नवऱ्याचं नाव विचारलंत, तर आधी कड्याकडे बघते. दोर दिसला, तर तुम्हालाच म्हणते, "बसा. सांजेला सांगते."