एकही तक्रार नाही

धरणाच्या खाली, नदीकाठच्या एका गावात विश्राम नावाचा एक हुशार तरुण राहत होता. शहरात शिकून तो परत आला आणि त्याने गावासाठी एक नवा ब्राउझर तयार केला. इंटरनेटवरची पानं उघडून दाखवतो ना, तोच ब्राउझर. नाव ठेवलं झरोका. धरणाचं पाणी सुटणार असलं की झरोका आधीच लाल अक्षरांत सूचना द्यायचा. गावाने विश्रामला अगदी डोक्यावर घेतलं. घरोघरच्या मोबाइलवर झरोका आला. पंचायतीने तर आपली सगळी पानं फक्त झरोक्यातच उघडतील अशी सोय केली. सोय म्हणे!

नदीपलीकडे याच गावची पैलवाडी होती. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. तारेने इंटरनेट आलेला शाळेतला एक जुना संगणक, एवढाच काय तो वाडीचा जगाशी संबंध. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी होती, फुकट मिळणारी. शाळेच्या अनसूयाबाईंनी ती स्वतः बसवली होती. विश्राम संगणक शिकला तोही याच बाईंच्या हाताखाली, याच संगणकावर.

एके दिवशी बाई होडीतून नदी ओलांडून विश्रामकडे आल्या.

“विश्राम, अरे, तुझा झरोका आमच्या संगणकावर बसतच नाही.”

“तुमची सिस्टीम वेगळी ना, बाई. तसा संगणक अख्ख्या गावात एकच. एकासाठी एवढा खटाटोप कोण करणार?”

“संगणक एकच आहे रे. पण त्याच्यामागे सगळी वाडी आहे.”

विश्राम ओशाळला. पण किती वेळ? “बरं, बघतो. तुम्ही तक्रारीच्या पानावर तेवढं लिहून ठेवा, म्हणजे माझ्या लक्षात राहील,” असं म्हणून त्याने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आता गंमत बघा. तक्रारीचं पानही झरोक्यातच उघडायचं! बाईंनी शाळेत जाऊन खूप खटपट केली. पडद्यावर दर वेळी एकच ओळ येई, ‘आधी झरोका बसवा.’ शेवटी त्यांनी हात टेकले.

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभा भरली. विश्रामचा सत्कार झाला. मग कुणीतरी म्हणालं, धरणाचं पाणी सुटताना वाजणारा पंचायतीच्या छपरावरचा तो भोंगा आता कशाला हवा? नुसते कान किटतात. पण भोंगा नदीपलीकडेही ऐकू जायचा, हे सरपंच कोंडाबाईंना आठवलं.

“विश्राम, पैलवाडीचं काय रे? त्यांना झरोक्यावर कळेल ना?”

विश्रामच्या डोळ्यांसमोर अनसूयाबाई उभ्या राहिल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण गळ्यात हार होता आणि समोर टाळ्या वाजवणारी माणसं होती.

“पैलवाडीहून एकही तक्रार नाही,” तो म्हणाला.

शब्द खरे होते हो, माणूस खोटा होता. त्याला तिथेच अडवायला पैलवाडीचं कुणी सभेत नव्हतं, कारण सभेची सूचनाही झरोक्यावरच निघाली होती. भोंगा उतरवला गेला.

श्रावणात धरण भरलं. एका दुपारी गावातल्या सगळ्या पडद्यांवर लाल अक्षरं उमटली. लोकांनी गुरं सोडली, सामान हलवलं, सगळे वेळेवर वर गेले. पलीकडे शाळा भरलेली होती. बाईंना पाणी दिसलं तेव्हा ते अंगणात आलं होतं. त्यांनी मुलांना टेकडीवर नेलं, दारोदार हाका मारत माणसांना बाहेर काढलं. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीसाठी त्या पुन्हा खाली उतरल्या. दोघीही परत आल्या नाहीत.

विश्राम अलीकडच्या काठावर उभा राहून “बाई! बाई!” असं ओरडत होता. पुराच्या त्या आवाजात त्याचं ऐकणार कोण?

पाणी ओसरल्यावर तो कामाला बसला आणि पैलवाडीच्या सिस्टीमवर चालणारा झरोका त्याने तयार केला. आठवडाभराचं काम निघालं. मेल्याला तेवढंही जड झालं होतं!

वाडीने टेकडीवर पत्र्याची शाळा उभी केली. तिथे तसलाच एक जुना संगणक आला. त्यावर झरोका बसला, आणि विश्रामकडे पैलवाडीची पहिली तक्रार येऊन पोचली. बाईंच्या वर्गातल्या कुण्या मुलीने लिहिली होती.

‘आता उघडतंय. बाई नाहीत.’

तात्पर्य: ज्यांना आपल्यापर्यंत पोचायची वाटच आपण ठेवली नाही, त्यांच्या गप्प राहण्याला त्यांचं समाधान समजू नये.