कुरंगीचा उजवा हात

फार पूर्वी, त्रेतायुग नुकते कुठे रांगू लागले होते, तेव्हा विंध्याच्या दक्षिणेस मधुपर्ण नावाचे अरण्य होते. साल, मोह आणि बहावा यांनी नटलेल्या त्या वनात निषादांची वस्ती, आणि वस्तीत सर्वांत वडील कुरंगी. तिचे काम एकच: रानात वाळके गवत साचू न देणे. थंडी सरता सरता, गवतावर दव असतानाच, वाऱ्याच्या उलट अंगाने ती ठिणगी लावी आणि अग्नीबरोबर पायी चाले. ज्वाला गुडघ्यावर जाऊ द्यायची नाही, मोहाच्या कळीला धग लागू द्यायची नाही, सशाला पळायला अन् मुंगीला झाडावर चढायला वेळ द्यायचा. यंदा हा तुकडा, पुढल्या साली तो. प्रत्यक्ष भगवान हुताशन तिच्यामागून गोगलगायीच्या चालीने येई.

पुढे त्या वनात ऋतंभर मुनी आले. एके सकाळी त्यांना होरपळलेला एक भुंगा दिसला. त्या करुणामूर्तीचे डोळे भरले, आणि हाती उदक घेऊन ते गरजले, "यज्ञकुंडाबाहेर या वनात जो अग्नी चेतवील, त्याचा हात भस्म होईल!"

"महाराज, एका किड्यापायी सारं रान पणाला लावलंत," कुरंगी म्हणाली.

"माते, अहिंसा तुला कशी कळावी?"

"ती नाही कळत. गवत कळतं."

मुनी दुष्ट नव्हते हो, तेच तर अवघड. दर थंडीत ती उःशाप मागायला जाई. ते तिला फळे देत, पाणी देत, आणि म्हणत, "तपस्व्याचा शब्द सुटला तो सुटला." सात वर्षे गेली. वाळके गवत छातीला लागले, आश्रमाच्या पायरीला भिडले. कुरंगी नुसती बघत राहिली.

आठव्या वैशाखात बांबूला बांबू घासला आणि अग्नी उठला, सालवृक्षांहून उंच, सहस्र जिव्हांचा.

"देवा, थांब! मला ओळखलं नाहीस?"

"ओळखले, कुरंगी. पण मी पाहुणा. पानात वाढलेले टाकून उठणे माझ्या हाती नाही. तू घासभर वाढायचीस, मी घासभर जेवायचो. आज सात वर्षांचे एकदम वाढले आहे."

मागे निषादांची लेकरे, शिष्य, गाई, सारे आश्रमाच्या दारात गोळा झालेले. उघडी जमीन कुठेच नाही. कुरंगीने यज्ञकुंडातला निखारा उजव्या हाताने उचलला.

"सरा, महाराज."

"नको! तुझा हात—" मुनींनी कमंडलू उपडा केला, येतील तेवढे मंत्र म्हटले. शब्द परत येईना.

तिने दारापुढचे गवत पेटवले. बोटे राखाडी झाली, मग तळवा, आणि उदबत्तीची राख गळावी तसा तो हात मनगटापासून गळून पडला. डाव्या हातात हिरवी डहाळी घेऊन तिने ज्वाला वळवली, गवताच्या अंगाला. खळ्याएवढी जमीन काळी झाली. तिच्यावर माणसे अन् गाई अंगाला अंग लावून उभी राहिली. भोवती मधुपर्ण तीन दिवस जळत होते. हरणांचे ओरडणे त्यांना ऐकू येत होते. कोणाला काही करता येत नव्हते.

"माझी सारी तपश्चर्या घे, कुरंगी," मुनी म्हणाले.

"तिनं मोह उभा राहील?"

मोहाला फुलायला दहा वर्षे लागतात. कुरंगीपाशी तेवढी नव्हती.

एवढाच उःशाप मुनींना देता आला: अग्नीबरोबर पायी चालणाऱ्याच्या डाव्या हाताला शाप शिवणार नाही. म्हणून त्या मुलखात दवात गवत पेटवताना अजूनही डावाच हात पुढे करतात, उजवा पाठीशी धरतात. का, असे विचारले तर म्हातारी माणसे सांगतात, "उजव्यावरचा शाप उतरलेला नाही, बाबा."