हत्तीचा नकार

फार पूर्वी शैलवती नगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्माला आले होते आणि लोक त्यांना नयसेन म्हणून ओळखत.

सुबाहू वाईट राजा नव्हता. प्रजेला उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून त्याने नगराजवळच्या ओढ्यावर मोठा बांध घालायला घेतला होता. डोंगरातल्या खाणीत पाथरवट दगड फोडत, त्यांच्या बायका डोक्यावरून खडी वाहत आणि बांध हळूहळू वर येत होता. राजाला त्या बांधाचा फार अभिमान होता. काम कुठे अडू नये म्हणून त्याने दवंडी पिटवली होती, की राजाज्ञेवाचून कामगारांनी एकत्र जमायचे नाही. जो जमवील तो हद्दपार होईल.

एके दिवशी खाणीतल्या कड्याचा एक भाग कोसळला. चार पाथरवट त्याखाली गाडले गेले. दुसऱ्या सकाळी एकही घण उठला नाही. सगळे कामगार हत्यारे खाली ठेवून खाणीच्या तोंडाशी बसून राहिले.

वार्ता दरबारात पोचली तेव्हा सेनापती विक्रांत म्हणाला, "महाराज, हत्ती सोडतो. दुपारच्या आत खाण मोकळी होईल."

राजाने नयसेनाकडे पाहिले. "आधी तू जा. त्यांना कोणी भडकवलं, तेवढं नाव मला आणून दे. महामात्याचं आसन रिकामं आहे, हे तुला ठाऊक आहेच."

नयसेन एकटाच निघाला. खाणीशी पोचल्यावर तो घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, "मला कोणाशी बोलायचं ते सांगा."

एक बाई उभी राहिली. तिचे हात दगडाच्या भुकटीने पांढरे झाले होते. "माझ्याशी बोला, अमात्य. मी केतकी. या सगळ्यांनी मलाच बोलायला सांगितलंय."

"नाव सांगितलंस. भीती नाही वाटली?"

"वाटते ना! पण गप्प बसलो तेव्हा काय झालं तेही पाहिलंय."

मग तिने सांगितले. कड्याला तडा गेल्याचे तिच्या नवऱ्याच्या लक्षात आले होते. त्याने मुकादमाला तसे सांगितले. मुकादमाने त्याला कामचुकार ठरवून राज्याबाहेर घालवले. ते पाहिल्यावर बाकीच्यांची जीभ टाळ्याला चिकटली. तडा रोज रुंदावत होता, तो सगळ्यांना दिसत होता आणि तरी जो तो मान खाली घालून त्याच कड्याखाली घण घालत होता.

"आम्हाला धान्य वाढवून नको," केतकी म्हणाली. "बांध आम्हालाही हवाय, आमचीच पोरं ते पाणी पिणार आहेत. एकट्यानं सांगितलं तर त्याला हाकलतात, म्हणून सगळ्यांनी मिळून सांगायची मुभा द्या. आणि आम्ही 'इथं धोका आहे' म्हटलं, की काम थांबलं पाहिजे. एवढंच."

नयसेनाला आपलीच लाज वाटली. ती दवंडी निघाली तेव्हा तो दरबारात होता आणि त्याने विरोधाचा एक शब्दही उच्चारला नव्हता.

तो परतला आणि ऐकलेले सगळे त्याने राजाला सांगितले. फक्त एक गोष्ट सांगितली नाही.

"नाव?" राजाने विचारले.

"नाव मला ठाऊक आहे, महाराज. पण ते मी देणार नाही."

नयसेनाने बोटातली राजमुद्रा काढून सिंहासनाच्या पायरीवर ठेवली. "आपली आज्ञा मोडली, तेव्हा ही माझ्याकडे राहू नये. मी खाणीवर जाऊन त्यांच्यात बसतो. हत्ती आले तर तिथेच असेन."

राजा संतापाने लाल झाला. त्याने स्वतःचा हत्ती मागवला आणि सेनापतीला घेऊन खाणीकडे निघाला.

कामगारांच्या पहिल्या रांगेत, केतकीच्या शेजारी, नयसेन खडीवर मांडी घालून बसला होता. कोणी हलले नाही. राजाने ते पाहिले आणि त्याचा आवाज चढला. "कुठे आहे धोका? मला तर काही दिसत नाही. माहुता, हत्ती कड्याखाली घे! पाहू देत सगळ्यांना!"

माहुताने अंकुश टेकवला. हत्ती चार पावले गेला आणि कड्याच्या सावलीपाशी थबकला. त्याने सोंडेने जमीन हुंगली, कान पसरले आणि तो मागे सरला. माहुताने पुन्हा हाकले. हत्ती जागचा हलेना.

"महाराज," माहूत हात जोडून म्हणाला, "हा नाही म्हणतोय. आता जोर करू नये."

"मग राहू दे," राजा म्हणाला. "मागे घे."

तेव्हा नयसेन उठून उभा राहिला. "महाराज, हत्ती नाही म्हणाला आणि आपण थांबलात. त्याला कोणी कामचुकार म्हटलं नाही. याच कड्याकडे बोट दाखवून एक माणूस नाही म्हणाला होता. त्याला आपल्या नावानं हद्दपार केलं गेलं."

वरून बारीक खडे घरंगळत आले, त्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. राजा हत्तीवरून उतरला आणि चौघे जिथे गाडले गेले होते त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. मग कामगारांकडे वळून म्हणाला, "तुमच्या वतीनं कोण बोलतं?"

"मी, महाराज," केतकी म्हणाली.

"बोल. मी ऐकतो."

राजा तिच्यासमोर दगडावर बसला. सूर्य कलेपर्यंत बोलणे चालले. दवंडी मागे घेतली गेली. कामगारांनी आपली श्रेणी, म्हणजे आपला संघ, उभारावी, आपला मुखिया आपणच निवडावा आणि धोका दिसला तर श्रेणीच्या शब्दावर काम थांबावे, असे ठरले. केतकीच्या नवऱ्याला मानाने परत आणायला सेनापती विक्रांतालाच पाठवण्यात आले.

"हे शिळेवर कोरून घ्या," राजा म्हणाला. "पण माझ्यानंतर येणाऱ्यानं ते पुसलं तर?"

केतकी हसली. "कोरणारे हात आमचे आहेत, महाराज. खोल कोरू. आणि पुसायला आला कोणी, तर पुन्हा इथं येऊन बसू."

बांध पुरा झाला त्या दिवशी राजाने पुरोहिताआधी श्रेणीला पुढे बोलावले. पाथरवट आणि त्यांच्या बायका ताठ मानेने बांधावरून चालत गेल्या. खाली पाणी भरत होते, आणि हा बांध कोणी बांधला असे कोणी विचारले, तर त्यांची पोरे मोठ्याने सांगत होती, "आम्ही!"

अनेक जन्मांनंतर बोधिसत्त्व बुद्ध झाले आणि एका विहाराचे बांधकाम चालू असताना त्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. तिथल्या गवंड्यांनी एकत्र येऊन आपले म्हणणे मांडले, म्हणून विहाराचा दाता श्रेष्ठी मणिभद्र रुसून बसला होता. कथा संपल्यावर शास्ते त्याला म्हणाले, "मणिभद्रा, तेव्हाचा राजा सुबाहू तूच होतास. ऐकून घेण्याचं बळ तुझ्यात तेव्हाही होतं. केतकी आज या गवंड्यांची प्रमुख झाली आहे. विक्रांत म्हणजे तुझा हा कारभारी आणि अमात्य नयसेन मी होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे त्या गुणाची पूर्णता, आचरली. त्यांच्यावर उपकार करायला मी गेलो नव्हतो, त्यांच्या शेजारी बसायला गेलो होतो."

मणिभद्र उठला आणि गवंडी बसले होते तिकडे चालत गेला.